सकर्मक

"जरा ले डाउन करतो," म्हणायचा वॉल्टन,
बूट दारात, नखांत चुना,
आणि हेस्टर किटलीवरची नजर न काढता:
"काय ले करणार? विटा? अंडं?
आडवं व्हायचं तर लाय."

एकेचाळीस वर्षं.
यॉर्कशायरच्या त्या तिरप्या गल्लीत
ती शाळेत व्याकरण शिकवायची,
तो लोकांची कुंपणं, धुराडी, परसातल्या भिंती रचायचा.
ले सकर्मक आहे, ती सांगायची,
त्याला समोर काहीतरी लागतं.
राजगिरी ले करतो वीट, कोंबडी अंडं,
मोलकरीण टेबल, वकील दुसऱ्याच्या डोक्यावर दोष.
लायला कुण्णी लागत नाही.
दरीत गाव लाय करतं, शेगडीपुढे कुत्रं,
आपलं आपण.
खोटं बोलणं तेही लायच,
पण तो शब्द निराळा,
त्याचा भूतकाळ साधा, सरळ: लाईड.
"म्हणजे लबाडच तेवढा नियमाने वागतो,"
वॉल्टन म्हणायचा,
"आणि मी पाठ ले करतो म्हटलं तर?
पाठ चालेल ना कर्म म्हणून?"
तेव्हा ती हसायची. चहा बशीत सांडायचा.

हॉस्पिटलात नर्स म्हणाली,
"ले स्टिल, राजा, हलू नकोस."
हेस्टरचे ओठ हलले.
वॉल्टनने एक डोळा उघडला,
तिच्याकडे बघत राहिला,
वाट बघत.
ती काही बोलली नाही.
त्याने डोळा मिटला,
जरा नाराज झाल्यासारखा.

दगड कोरणारा मुलगा वही घेऊन आला,
हिअर लाइज, त्याने लिहून घेतलं.
वर्तमानकाळ, तिच्या मनात आलं,
दगडावर नेहमी वर्तमानकाळ.
मग सवयीने रूपं म्हणून पाहिली,
फळ्यावर हजारदा लिहिलेली:
लाय, ले, लेन.
ले, लेड, लेड.
आणि मधेच थांबली.

लायचा भूतकाळ ले.
आज म्हटलं तर चूक,
काल म्हटलं तर बरोबर.
काल दुपारी तो इथे ले,
परवा इथे, त्या आधी इथे,
उजव्या कुशीवर, तोंड उघडं.
एका "काल"पुरता चुकला माणूस
एकेचाळीस वर्षं,
आणि मी मेली लाल शाई घेऊन बसले.

"बाई, स्पेलिंग बरोबर आहे ना?" मुलाने विचारलं.
"आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी ती मागे गेली.
खुराड्याची भिंत त्याने कमरेइतकी आणून सोडलेली,
बाजूला सात विटा, पोत्याखाली झाकलेल्या,
बादलीतला चुना दगड झालेला.
तपकिरी कोंबडी मान वाकडी करून बघत होती.
हेस्टरने एक वीट उचलली,
वाटली होती त्याहून जड,
दोन्ही हातांनी भिंतीवर ठेवली.
"ले," ती म्हणाली. मोठ्याने.
वीट वाकडी बसली.
तिने तशीच राहू दिली.