दहावा

आदल्या रात्री मी पोहे निवडले, नारळ खवला,
आणि हे फोनला चिकटून बसले.
सात झाले. आठ झाले.
खडकीचे दिघोडकर येतो म्हणाले, ते नववे.
मग जिन्यात जाऊन ओरडले
(रास्ता पेठेतल्या आमच्या घरात रेंज जिन्यातच येते),
"अहो, फक्त दहावा राहिलाय!
काहीही करा, उद्या सातला दहावा हवाच."

गुरुवारी सातला दार वाजलं.
खालच्या मजल्यावरचे गुंडेटी.
पांढरा शर्ट, पाय अनवाणी,
चेहरा असा, की मीच घाबरले.
"वहिनी, कोण गेलं?
आम्हाला कळवलंही नाही तुम्ही."

आत आमचा योएल,
सव्वा महिना कावीळ काढून उठलेला,
उसाच्या रसाला कायमचा विटलेला,
मलिद्याच्या ताटावर केळी मांडत होता.

कोणी गेलं नाही हो, म्हटलं, एक यायचाय.
नवस फेडायचाय पोराचा.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आमच्यात,
आणि पुण्यात हल्ली दहा जमवायचे म्हणजे...
अर्धे अश्दोदला, उरलेल्यांचे गुडघे गेलेले.

"मग मी बसतो की दहावा."
हसकेलकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.
"बसा. पण मोजता येणार नाही तुम्हाला."
मला ते लागलं. अजून लागतं.
"चालेल," गुंडेटी म्हणाले, "सवय आहे.
सोलापुरात आम्ही पुण्याचे, पुण्यात सोलापूरचे,
आणि वरंगळला लग्नाला गेलो
तर म्हणतात, तुमची तेलुगू किती मराठी!"

मग मीही बँकेतलं सांगितलं.
काउंटरपलीकडून तीस वर्षं तोच प्रश्न:
पेणकर का? मूळच्या कुठल्या?
पेणच्या.
नाही, म्हणजे अगदी मूळच्या?
अगदी मूळच्याही पेणच्याच हो,
त्याआधी समुद्र.

साडेसात. दहाव्याचा फोन लागेना.
गुंडेटी रुमाल डोक्याला बांधून
भिंतीला टेकून बसले होते.
आपणहोऊन बोलायला लागले, काहीसे ताटाकडेच बघून:
"नान्नांच्या दहाव्याला कावळा शिवेना.
ओंकारेश्वराजवळ, नदीला वास मरणाचा,
अकरा वाजले, साडेअकरा.
भाऊ म्हणाला, शब्द दे.
मी दिला, माग विकणार नाही.
कावळा कठड्यावर, ढिम्म.
भटजी घड्याळ बघायला लागले.
तेव्हा लक्षात आलं, मी मराठीत बोलतोय.
नान्नांना मराठी यायची, पण भाव करण्यापुरती.
तेच मग तेलुगूत म्हटलं, हळू.
आला की हो.
माग अजून माळ्यावर आहे. सुटा करून.
बायको म्हणते, कावळ्याला काय कळतं?
असेल. मी विकत नाही."

कोणी काही बोललं नाही.
हसकेलकाकांनी पोथी मिटली.
"ज्याच्या नावानं हा मलिदा, तो एलियाहू हन्नाबी,
दुष्काळात रानात लपला होता.
त्याला कोणी जगवलं, माहितीये?
कावळ्यांनी.
सकाळी भाकरी आणायचे, संध्याकाळी भाकरी. मांसही."
गुंडेटी सरळ बसले.
"म्हणजे तुमच्यात आणून देतो?"
"आमच्यात आणून देतो."
"आमच्यात घेऊन जातो," ते म्हणाले,
आणि बराच वेळ
हिशेब जुळवत असल्यासारखे बोटांशी खेळत राहिले.

आठला दहावा आला, स्कूटर पंक्चर झालेली, हात काळे.
प्रार्थना हिब्रूत झाली.
ताटावरचा सब्जा हातोहात फिरला,
गुंडेटींनी हुंगून पुढे दिला, न सांगता, उजव्या हातानं.
मधेच योएलनं कानात विचारलं,
"आई, आत्ता काय म्हणाले?"
मला कुठे कळतं सगळं!
मी मराठीत माझं माझं मागून घेतलं.

जाताना त्यांनी मलिदा घेतला, दोन वाट्या,
एक बायकोसाठी.
मी दार लावत होते तेवढ्यात
जिन्यातून त्यांचा आवाज आला,
भराभर, हातवारे असावेत सोबत,
लांबलचक तेलुगू,
त्यात मला एकच शब्द कळला, दहावा,
आणि मग ती हसली,
आणि मग तेही.