उणे एकतीस

नोवोसिबिर्स्कच्या चाचणी-मैदानात
रिम्मा सावेल्येव्हना दुर्बिणीच्या पोटात
द्रवरूप नायट्रोजन ओतते.
ऊब दिसायची तर डोळा आधी गोठवावा लागतो.

पडद्यावर हिरवट धुकं. मग एक ससा.
मग पहारेकरी येफीम, नाक तेवढं काळं.
रणगाड्याचं इंजिन तासापूर्वीच बंद केलंय,
पाठ अजून धगधगतेय.

"माणूस किती लांबून?" कर्नल विचारतो.
ती आकडा सांगते.
तो वहीत दोनदा अधोरेखित करतो.

तो गेल्यावर ती दुर्बीण वसाहतीकडे वळवते.
तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी.
आई या वेळी तिथंच उभी असते.

पण काच. काचेतून ऊब येत नाही, रिम्मा,
तूच शिकवतेस ना पोरांना?

थंड, सपाट चौकोन.
हात हलवत असेल.
नसेलही.