त्रैराशिक

चौकशी समितीत मी तिसरा.
एक संस्थेचा, एक बाईंनी सुचवलेला,
आणि राज्य पुरस्कार मिळालेला म्हणून मी,
सिन्नरचा गणिताचा मास्तर.
पुरस्काराच्या शालीची घडी अजून मोडलेली नाही.

प्रकरण म्हटलं तर साधं:
सातपुरातली शाळा. मागचं लोखंडी फाटक
रुळावरून उतरलेलं, सतरा दिवस सुतळीनं बांधलेलं.
अठराव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, ते पडलं
सहावीतल्या रेणुका मोंढेच्या उजव्या पायावर.
तीन बोटं.
सातपुरात, जिथं दर तिसऱ्या गाळ्यात
वेल्डिंगची ठिणगी उडते,
फाटक जोडायला माणूस मिळाला नाही.

मुख्याध्यापिका प्रमोदिनी खैरनार.
संस्थेला एक पत्र लिहिलं, स्मरणपत्र लिहिलं नाही.
फाटकापाशी शिपाई बसवला नाही.
एवढंच.
आणि एवढं काही थोडं नाही.

अहवाल एकतीस पानी.
गंगापूर रोडच्या कार्यालयात चहा आला,
चिवडा आला, वर कच्चा कांदा.
शेवटच्या पानावर 'सेवासमाप्ती' टाइप होऊन आलं होतं
आम्ही खुर्च्या ओढायच्या आधीच.
मी चष्मा घरी विसरलो होतो,
असं पुढे दोन वर्षं मी सांगत आलो.
चष्मा खिशात होता.

न्यायाधिकरणात मी मागच्या बाकावर बसलो,
उशिरा आलेल्या पोरासारखा.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
न्यायाधीश म्हणाले, जावक क्रमांक दोनशे बारा,
हे पत्र संस्थेला पोचलं, आवक शिक्का आहे.
एकतीस पानांत ते कुठे आहे?
संस्थेचे वकील पानं उलटत राहिले.
पंख्याखाली पानं आपोआपही उलटत होती.
फाटकाचे चार हजार कुणी अडवले,
हे समितीनं विचारलं का?
बोरस्ते वकील उठून म्हणाले, नाही, साहेब.
मी बाकाच्या कडेला नख लावून बसलो.

मग निकाल, सावकाश, टायपिस्टला जमेल तसा:
हयगय सिद्ध आहे. ती मी पुसणार नाही.
परंतु शिक्षा दोषाच्या प्रमाणात नाही.

प्रमाण.
अठ्ठावीस वर्षं हाच शब्द फळ्यावर लिहिला मी.
चार मजुरांना बारा दिवस तर सहा मजुरांना किती,
पोरं बोटं मोजायची, मी खडू आपटायचो:
अरे, आधी बघा, सम आहे की व्यस्त!
त्या दिवशी चिवडा खाताना
एवढं एकच बघायचं होतं.
एका न लिहिलेल्या पत्राला आख्खी नोकरी,
तर एका न वाचलेल्या अहवालाला किती?
क्ष डावीकडे घेतला.
उत्तर सहीपाशी येऊन थांबलं.

सेवासमाप्ती रद्द. दोन वेतनवाढी कायमच्या बंद.
मागचा पगार निम्मा.

बाहेर, सीबीएसच्या बाजूला,
बाई रिक्षांच्या रांगेत उभ्या होत्या,
पिशवीत कागद, कागदांवर डबा.
अभिनंदन, मी म्हणालो. घशात अडकलं जरा.
त्या म्हणाल्या, वेतनवाढी थांबवल्या ते बरं झालं.
काहीच थांबलं नसतं
तर मोंढ्यांच्या दारात कशी गेले असते मी?
आताही जातेय. दर महिन्याला जाते.
पोरगी दार उघडते, आणि आत जाते.
मग चष्म्यावरून बघत, अगदी वर्गातल्यासारखं:
तुम्ही तिसरे ना?

हो म्हणायला मला वेळ लागला.
तेवढ्यात त्यांची रिक्षा भरली.

सिन्नरच्या गाडीत मी अहवालाची माझी प्रत काढली,
पहिल्यांदाच चष्मा लावून.
पान सहावर शिपायाचा जबाब:
'बाईंनी मला सांगितलं होतं, मी बँकेत गेलो होतो,
संस्थेच्या कामाला.'
शिंद्याचा टोलनाका गेला तेव्हा पान नऊ.
'सर्व सदस्यांनी सखोल विचार केला.'
पुढे उजेड कमी झाला.
कंडक्टरला म्हटलं, आतला दिवा लावा हो.
तो म्हणाला, बिघडलाय, सर.
डेपोत कळवलंय.