सत्तर जागा

सौद्याची वेळ, सकाळचे साडेदहा.
मार्केट यार्डात हळदीचा खकाणा उन्हात उभा,
आणि आमच्या दुकानातला डबा म्हणाला:
अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका.
चौतीस टक्के.

हमाल पोत्यांवर बसले. खरेदीदारांनी चहा मागवला.
न सांगता जेवायला आलेल्या व्याह्याकडे बघावं
तसे अण्णा पडद्याकडे बघत राहिले.
पस्तीस टक्के.
मी जुनं पावतीबुक काढलं, कार्बन शोधला,
आणि त्या दिवशी माझं एक मत झालं:
मशीन ज्याचं, त्याला विचारून हलावं.

मग मिरजेचा अल्ताफ मुजावर आला पेनड्राइव्ह घेऊन.
म्हणाला, ही सिस्टीम उघडी आहे,
कुणीही आत बघा, दुरुस्त करा, वाटा. पैसे नाहीत.
अण्णा म्हणाले, पद्मलता, विचार त्याला,
फुकट देणारा आपलं काय नेतो?
अल्ताफला उत्तर सुचलं नाही.
मला सुचलं, पण उशिरा, घरी जाताना बसमध्ये.

अण्णांच्या वडलांच्या काळी
भाव रुमालाखाली ठरायचा.
अडत्याची बोटं, व्यापाऱ्याची बोटं,
आणि ज्याची हळद, तो समोर उभा,
रुमालाची हालचाल बघत.
पुढे सौदा उघड झाला, तोंडाने, सगळ्यांदेखत.
तेव्हाही म्हणे लोक म्हणाले होते, अशाने धंदा व्हायचा कसा?
रुमाल गेला. धंदा राहिला.
बसमध्ये सुचलं ते एवढंच.

म्हणून सगळं सोन्याचं झालं असं नाही.
प्रिंटर दोन दिवस रुसला.
वजनकाट्याची वायर त्याला ओळखीची वाटेना.
आणि पावतीवर शेतकऱ्याचे नाव छापायचं, तिथे
शेतकर्याचे, शेतकर्याचे, शेतकर्याचे,
बिचाऱ्या य च्या डोक्यावर रफार.
चारशे पावत्या तशाच गेल्या. कुणी तक्रार केली नाही.
मलाच ते चपलेतल्या खड्यासारखं बोचायचं.
अल्ताफने कुठेतरी कळवलं, फोटो काढून, बाण दाखवून.
तीन आठवड्यांनी अपडेट आलं
(विचारून आलं, आत्ता करू की संध्याकाळी?)
आणि र पापणीसारखा आडवा, जागच्या जागी.
कुणी केलं?
अल्ताफ म्हणाला, नाव दिसतं, गाव कळत नाही.
मराठी येत नसावं त्या माणसाला.
त्याला फक्त एक मोडका आकार दिसला,
आणि तो मोडका आहे
हे त्याने आमच्या शब्दावर मानलं.
अण्णांना मी हे सांगितलं.
ते हं म्हणाले, आणि पावती उजेडात धरून दोनदा वाचली.

भाव मात्र मी अजून साध्या मेसेजनेच कळवते.
बाकी सगळं आहे फोनवर, फोटो, आवाज, सुप्रभातची फुलं;
पण नदीकाठच्या रानात रेंजची एकच काडी असते
आणि त्या काडीवर चढून जातो तो हाच.
त्यात इंग्रजीला एकशेसाठ जागा, मराठीला सत्तर.
वेलांटीला वेगळी जागा, अनुस्वाराला वेगळी,
अर्ध्या अक्षराला तर पूर्णाहून जास्त.
हा हिशेब ज्याने केला
त्याला एकदा आमच्या काट्यावर उभा करायचाय.

परवा रात्री दुधगावहून हिंदुराव खोतांचं उत्तर आलं,
इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
भाव कळला. आई गेली. पोती राहू देत.
क्षणभर वाटलं, कुठे गेली?
भाकरी तव्यावर होती. ती करपली.

मग मराठीत लिहायला घेतलं, बोटांवर मोजत.
माल ठेवतो. घाई नको. दहावं होऊ द्या. मग बोलू.
चव्वेचाळीस झाल्या.
सव्वीस जागा उरल्या.
त्या तशाच पाठवल्या.