मापाची वही

वादी म्हणजे ओढा.
मस्कतच्या वादी कबीरचा ओढा
वर्षातून एकदा, आठवण झाली तर वाहतो.
त्याच्या काठी सत्तार सारंगचं शिलाईचं दुकान.
दाभोळचा माणूस,
तोंडात टाचण्या धरून बोलतो.

मी पँट कमरेत आत घ्यायला दिली.
त्याने वही उलटली.
गेल्या साली चौतीस, मार्चात बत्तीस,
आज तीस.
टाचण्या काढल्या तोंडातून.
"घरी सांगितलंस?"

घरी नेहमीचंच सांगितलं होतं, बरा आहे.
व्हिडिओत तोंड दिसतं,
कंबर दिसत नाही.
दवाखाना म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा,
आणि आजार कागदावर चढला
की व्हिसाला कळतो म्हणतात.
खरं की खोटं,
विचारणार कोणाला?

"शुक्रवारी ये. नमाजनंतर."

शुक्रवारी इस्त्रीचं टेबल मोकळं केलेलं.
लिसी सिस्टर, कोट्टायमची, रात्रपाळी करून आलेली,
बोटाला सुई टोचताना मल्याळीत काही पुटपुटली,
शिवी की प्रार्थना, अजून कळलेलं नाही.
यंत्रावर आकडा: तीनशे बारा.
बाकावरून मोरेश्वर पेंटर म्हणाला,
"माझी तीनशे चाळीस होती. या, बसा."

सात वर्षांत या देशात
कुणी मला 'या, बसा' म्हटलं नव्हतं.

आता आम्ही नऊ.
संध्याकाळी ओढ्याच्या गोट्यांतून चालतो.
पुढे खड्का, नेपाळचा,
सपाटीवर चालणं त्याला चेष्टाच वाटते.
भात किती वाढून घ्यायचा यावर
आम्ही जेवढे भांडलो
तेवढा मी बायकोशीही भांडलो नाही.

मोरेश्वर दोन शुक्रवार आला नाही.
तिसऱ्याची वाट न बघता गेलो.
बारा खाटांची खोली, वरची खाट,
पायाला रंगाचं फडकं गुंडाळलेलं.
वास आधी आला.
सत्तार गळ्यातली टेप
बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.
लिसी म्हणाली, उचला.
पगाराचं मग, व्हिसाचं मग.

अंगठा गेला.
पाय राहिला.

माझी पँट अजून ढगळच आहे.
सत्तार आत घेत नाही.
"परत उसवावी लागेल," म्हणतो, "पट्टा लाव तोवर."
परवा तो चहा आणायला गेला तेव्हा
मी वही उघडून पाहिली.
सगळ्यांची मापं पेनाने,
माझे तीस
तेवढे पेन्सिलीने.