चौतीस टक्के

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी प्रश्न लिहून आणलेत.
मान्यता कुठवरची. फी किती, वरचा खर्च किती.
मुलींच्या वसतिगृहाला रात्री कुलूप कोण लावतं.
जनेया म्हणते, मावशी, तो कागद पर्समध्ये ठेव ना.
मी ठेवत नाही.
एकवीस वर्षं शाळेची बस चालवतेय,
आरशात बघितल्याशिवाय गाडी हलवायची सवय नाही.

दक्षिण कॅरोलायना, मार्चमधला शनिवार.
मर्सी क्रीक कॉलेज. सहाशे चाळीस विद्यार्थी,
एक चॅपल, आणि पाण्याची उंच टाकी,
तिच्यावरच्या नावातलं पहिलं अक्षर ऊन खाऊन गेलेलं.
वाट दाखवणारा मुलगा, क्विन्टन, उलटा चालतो,
पाठ रस्त्याला, तोंड आमच्याकडे,
आणि एकदाही ठेचकाळत नाही.
म्हणतो, इथली फरशी न् फरशी ओळखते मला.
(मी लिहिते: फरशा उखडल्यात. तीन ठिकाणी.)

लिफ्ट बंद. कधीपासून?
तो हसतो. मी आलोच लिफ्ट बंद असताना, मॅम.
प्रयोगशाळेत बारा मायक्रोस्कोप,
आणि अँक्रम बाईंना बाराही जणांची दुखणी पाठ.
सातव्याचा स्क्रू सैल. नवव्यात जरा डावीकडून बघायचं.
जनेया नवव्याला डोळा लावते,
कांद्याचा पापुद्रा.
काय दिसतं, असं बाई विचारत नाहीत.
विचारतात, हे असं का असेल, तुला काय वाटतं?
आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.
तिला काय वाटतं हे शाळेत कुणी विचारल्याचं
मला तरी आठवत नाही.

गेल्या शनिवारी राज्याच्या मोठ्या विद्यापीठात होतो.
पस्तीस हजार पोरं, काचेची लायब्ररी.
आमच्या घोळक्यात काळ्या आम्ही दोघीच,
आणि वाट दाखवणारी मुलगी दोनदा म्हणाली,
किती छान केस तुझे, हात लावू?
(तेही लिहून ठेवलंय. लिफ्ट चालू, असंही लिहिलंय.)

शेवटचा प्रश्न फीच्या खिडकीशी.
शंभर आले, तर पदवी घेऊन किती जातात?
मिसेस गॅड्सडेन चष्मा काढतात.
आकड्याला साखर लावत नाहीत.
सहा वर्षांत, म्हणतात, चौतीस.

जनेया माझ्याकडे बघते. मी बिलाकडे.
उरलेले सहासष्ट कुठे जातात
हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं.
त्यांतली एक शाळेची बस चालवते.
दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात आईच्या किडन्या गेल्या,
चारशे बारा डॉलर बाकी राहिले,
आणि बाकी फिटेपर्यंत गुणपत्रिका देत नाहीत.
हीच खिडकी. तेव्हा हिला जाळी होती.
बहिणीला मी एवढंच सांगितलं,
मन लागेना तिथे.

जनेया चॅपल बघायला जाते
आणि मी वाकून माझं माहेरचं आडनाव सांगते.
मिसेस गॅड्सडेन कॉम्प्युटरकडे वळतही नाहीत.
वर्नेटा, म्हणतात. तिसरा मजला, खिडकीची खोली.
किल्ली तू परत केली नव्हतीस.
दहा डॉलर तिचेही धरलेत.

किल्ली आहे माझ्याकडे.
बसच्या जुडग्यात,
सत्तावीस वर्षं नुसती वाजते.

बाहेर जनेया विचारते, मग? किती मार्क?
मी बिल उलटं करते. भरायची तारीख परवाची.
लिफ्टचे कापले, म्हणते. फरशांचे कापले.
आणि त्या चौतीसचे?
ते अजून तपासायचेत.

गाडीत बसते. आरसा सारखा करते.
त्यात टाकी येते, बिनअक्षराची,
आणि जनेया, मागे न बघता काहीतरी गुणगुणणारी.
नववा, म्हणते ती एकदम. डावीकडून खरंच दिसतं गं.
मी किल्ली फिरवते. बसची नाही, चुकून ती दुसरी.