शून्याचं तिकीट

मदनूरपर्यंत तुझं तिकीट शून्याचं, स्रवंती,
माझं पूर्ण.
तिथून पुढे आमच्या एस.टी.त
दोघींचं अर्धं-अर्धं.
कंडक्टरला तोंडपाठ असतं
कोणत्या राज्यात कोण किती.

हैदराबादेत चौथ्या मजल्यावर आपण हार घातले,
पाच जणांनी अक्षता टाकल्या,
शेजारी कुकरची शिट्टी.
त्याचं काय होतं चेकपोस्टवर?
उसाच्या ट्रकला पावती मागतात.
आपल्याला कुणी काहीच मागत नाही,
तिकडं नाही, इकडं नाही.
तेच तर.

देगलूरच्या तहसिलात कारकुनानं विचारलं,
नातं काय लिहू?
मी थुंकी गिळली.
त्यानं लिहिलं, भाडेकरू.

माझ्या पणज्याचं लग्न निजामाच्या राज्यात लागलं.
राज्य गेलं.
छप्पनला रेघ सरकली,
सासुरवाडी तिकडं राहिली औरादकडं,
सोयरे रातोरात परराज्यातले.
पण कुणी म्हणालं नव्हतं त्याला,
चल बाबा, पुन्हा बोहल्यावर चढ.

पुलावर मोबाईल थरथरतो,
महाराष्ट्रात स्वागत.
तू शून्याच्या तिकिटाची घडी घालून
माझ्या पाकिटात सारतेस.
असू दे, म्हणतेस,
दोघींच्या प्रवासाचा
कागद तर आहे.